पुस्तक मिटल्यावर

फेब्रुवारी उजाडला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम आणि बारावीची परीक्षा एकाच वेळी येऊन ठेपतात. पहाटे बागेत जाऊन बोंडं वेचायची, बिया वेगळ्या काढायच्या, बोंडं फेणीच्या भाटीवर पोचवायची, मग आंघोळ उरकून वाळपईची बस पकडायची. त्यातच शिगम्याचे ढोल आणि जत्रेच्या नाटकाच्या तालमी. अशा घरांतल्या मुलांना मी बरीच वर्षं हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवलं. कष्ट त्यांना नवे नसतात. पण गुण कमी पडले की मुलं आणि त्यांचे आईवडील एकच कारण सांगतात, "डोकं कमी पडलं, टीचर." हे वाक्य मला कधीच पटलं नाही. आजचा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

"अभ्यास कसा करतेस?" असं मी प्रत्येक मुलीला विचारते. उत्तर ठरलेलं असतं, "वाचते." मग? "परत वाचते." पुस्तक उघडून दाखवते तर पानंच्या पानं पिवळ्या हायलायटरनं रंगलेली असतात. धडा पाच-सहा वेळा डोळ्यांखालून गेलेला असतो, ओळी ओळखीच्या वाटतात आणि ओळखीचं म्हणजे येतंय असं मनाला वाटतं. पेपरात मात्र ओळी समोर नसतात, समोर कोरं पान असतं. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मुलं वर्षभर पहिलं करत राहतात आणि परीक्षा दुसऱ्याची असते.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना एक लहानसा उतारा अभ्यासाला दिला. एका गटानं चारही सत्रं तो वाचण्यात घालवली. दुसऱ्या गटानं पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना सुमारे ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानं पुन्हा विचारलं तेव्हा चित्र उलटलं. वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि लिहिणारे ६१ वर होते. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे आणि मुलं बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहत. पहिल्या पाच मिनिटांच्या त्या ८३ टक्क्यांतच सगळी फसगत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून झोपणाऱ्याला जो भरवसा वाटतो तो हाच, आणि तीच गोष्ट काही महिन्यांनी प्रवेश परीक्षेत किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षात लागते तेव्हा हाती काही उरलेलं नसतं.

म्हणून माझा पहिला सल्ला फुकट आहे आणि त्याला नेटवर्कही लागत नाही. धडा एकदा नीट वाचावा. पुस्तक मिटावं. वहीच्या पानावर आठवेल ते लिहावं, आकृतीसह. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते दुसऱ्या रंगाच्या पेनानं भरावं. दोन दिवसांनी पुन्हा, पुढच्या आठवड्यात पुन्हा. पहिल्या वेळी अर्धं पानही भरत नाही आणि मुलं घाबरतात, सोडून देतात. इथं घरातल्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसानं जवळ असायला हवं. आठवताना होणारा तो त्रास म्हणजेच अभ्यास चालू आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा पुराव्यानिशी आढावा घेतला. त्यात स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं या दोनच पद्धती वरच्या पायरीवर आल्या. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं खालच्या पायरीवर राहिलं. हायलायटरवर माझा राग नाही, पण त्याच्यावर इतका विश्वास टाकावा असं त्यानं काही केलेलं नाही.

आता आमच्याकडचा खास प्रश्न. गोव्यातली पुष्कळ मुलं पहिली ते चौथी मराठीत शिकतात, विशेषतः पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूची. पाचवीला शाळा इंग्रजी होते. त्या वर्षापासून मूल एकाच वेळी विषयही शिकतं आणि भाषाही, आणि पुष्कळदा विषय भाषेच्या मागे लपून बसतो. बारावीपर्यंत येताना काही मुलांनी व्याख्या पाठ करायची सवय इतकी अंगी बाणवलेली असते की व्याख्येच्या आत काही घडतंय हे त्यांच्या मनात येत नाही. अशा मुलीला मी पुस्तक मिटून इंग्रजीत लिहायला लावत नाही. आधी बोलायला लावते, घरी बोलतो तशा भाषेत.

एकदा परासरणाचा धडा चालू होता. पेशीच्या पडद्यातून पाणी कुठून कुठं जातं, हे एका मुलीला तोंडपाठ होतं, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की ती गप्प होई. मी म्हटलं, इंग्रजी राहू दे, काय होतं ते सांग. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "टीचर, म्हणजे आई चेपणीची तोरं घालते तसं? मिठात घातली की सुरकुततात आणि भांड्यात पाणी सुटतं?" तोरं म्हणजे कोवळ्या कैऱ्या. वर्ग हसला, पण ती बरोबर होती. मग आम्ही तिथंच थांबलो. पाणी कुणी सोडलं? कैरीनं. का सोडलं? बाहेर मीठ जास्त, आत कमी. मग कैरी साध्या पाण्यात ठेवली असती तर सुरकुतली असती का? नाही. मनुका पाण्यात टाकल्या तर? "फुगतात!" असं मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. का फुगतात? आत साखर जास्त. कारल्याला मीठ लावून ठेवलं की पाणी का सुटतं, खारवलेला मासा लवकर का कुजत नाही, जास्त खत घातलं की रोप का करपतं, हे सगळं त्याच तासात येऊन गेलं. खारवलेल्या माशाचं उत्तर शोधताना जिवाणूची पेशीसुद्धा पेशीच आहे, तिचंही पाणी मीठ ओढून घेतं, इथपर्यंत मुलं स्वतःहून पोचली. त्यानंतर त्या मुलीनं इंग्रजीत उत्तर लिहिलं ते पाठांतराचं नव्हतं. 'अर्धपार्य पडदा' (पाणी जाऊ देणारा, मीठ-साखर अडवणारा) आणि 'संहती' (विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण) यांची इंग्रजी नावं तिनं योग्य जागी वापरली, कारण ती कशाची नावं आहेत हे तिला आता दिसत होतं.

त्यामुळे घरच्या भाषेत समजून घेतल्यानं इंग्रजी कच्ची राहते ही पालकांची भीती मला मान्य नाही. समजणं मराठीत किंवा कोकणीत होऊ द्यावं, लिहिण्याचा सराव इंग्रजीत करावा, आणि दोन्हीला रोज वेळ द्यावा. यासाठी मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत सुरू झालेलं हे काम आता महाजालावर विनामूल्य आहे. त्यातल्या विज्ञानाच्या नोंदी बारावीच्या मुलाला पेलतात, काही कठीण जातात. कठीण गेलेली नोंद आजोबांना वाचून दाखवावी. सत्तरीतल्या शेतकरी आजोबांना मातीतल्या नत्राविषयी पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतं, हे मी पाहिलेलं आहे.

घोकण्याचंही काम असतंच. रसायनाच्या संयुजा, प्राण्यांची वर्गवारी, भौतिकातली सूत्रं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये, स्वतःवरच निरर्थक अक्षरसमूहांचे प्रयोग करून, विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो हे दाखवलं. त्यावरचा साधा उपाय १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनरनं लोकांपुढे ठेवला. एक खोका घ्यायचा, त्यात पाच कप्पे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज उघडायचा, दुसरा एक-दोन दिवसांआड, पुढचे आणखी उशिरा. म्हणजे जे येत नाही ते रोज समोर येतं आणि येणाऱ्यावर वेळ वाया जात नाही. आमच्या मुली यासाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून घेतात आणि मिठाईचा खोका वापरतात. हेच काम करणारं 'अँकी' नावाचं ॲप संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर फुकट मिळतं. दोन्हींत मला कागदाचा खोका जास्त आवडतो, कारण तो बसमध्ये आजूबाजूच्यांना प्रश्न विचारायला देता येतो आणि घरातला फोन धाकट्या भावासाठी मोकळा राहतो.

फोनविषयी बोलायला हवं. २०२०च्या टाळेबंदीत सत्तरी आणि सांगे तालुक्यांतली मुलं नेटवर्कसाठी डोंगर चढून जात होती. पावसात छत्रीखाली बसून तास ऐकलेली मुलं आता कॉलेजांतून बाहेर पडत आहेत. नेटवर्क आता बरंच सुधारलंय, पण अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून कुठलंही साधन सुचवताना मी आधी विचारते, हे उतरवून ठेवता येतं का? एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात, तसे त्यांचे 'एक्झेम्प्लर' प्रश्नसंचही. विज्ञान शाखेच्या मुलांनी ते प्रश्नसंच वळसा घालून सोडू नयेत. पाठ्यपुस्तकाच्या शेवटचे प्रश्न धडा वाचला का हे विचारतात, एक्झेम्प्लरचे प्रश्न धडा कळला का हे विचारतात. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीला जीवशास्त्राचं एनसीईआरटी ओळन्ओळ आलं पाहिजे, आणि बाजारातली जाडजूड पुस्तकं घेण्यापूर्वी ते आलं पाहिजे. गोवा मंडळाच्या प्रश्नपत्रिका मिळवून घड्याळ लावून सोडवाव्यात. उत्तरं बघून सोडवलेली प्रश्नपत्रिका ही सोडवलेली नव्हे.

प्रवेश परीक्षांसाठी आयआयटी कानपूरच्या मदतीनं केंद्र सरकारनं २०२३ मध्ये 'साथी' नावाचं विनामूल्य व्यासपीठ सुरू केलं. त्यावर तज्ज्ञांची व्याख्यानं आणि सराव परीक्षा आहेत. पुढे कॉलेजात गेल्यावर २००३ पासून आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून उभं केलेलं एनपीटीईएल हे ऑनलाइन व्याख्यानांचं व्यासपीठ आहे, २०१७ पासूनचं केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचं 'स्वयम्' आहे, आणि आयआयटी खरगपूरनं उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे. नावं इतकी आहेत की मुलं सगळीकडे खातं उघडतात आणि कुठलंच पुरं करत नाहीत. एका विषयाला एक पुस्तक आणि एक व्याख्यानमाला. अडलं तरच दुसरीकडे जायचं.

खाजगी क्लासला जावं का, असं पालक विचारतात. पणजी-मडगावात चांगले क्लास आहेत आणि ज्याला परवडतं, जमतं त्यानं जावं. पण वाळपईहून किंवा काणकोणहून रोज क्लाससाठी दोन-तीन तास बसमध्ये घालवायचे असतील तर हिशोब मांडायला हवा. नीटमध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटं मिळतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. अशा परीक्षेला दमलेलं डोकं घेऊन जाणाऱ्या मुलापेक्षा, पुरेशी झोप झालेलं आणि घरी शांतपणे जुने पेपर सोडवलेलं मूल मला अधिक तयार वाटतं. गोव्यात अभियांत्रिकीसाठी आता राज्याच्या स्वतंत्र परीक्षेऐवजी जेईई मेनचे गुण धरतात. त्या परीक्षेचं पहिलं सत्र जानेवारीत येतं, म्हणजे बारावीचा अभ्यासक्रम दिवाळीपर्यंत एकदा हातावेगळा व्हायला हवा. हे गणित मुलांना अकरावीच्या जूनमध्येच कुणीतरी सांगायला हवं. बहुतेकांना ते बारावीच्या चतुर्थीनंतर कळतं.

घरी शांत जागा नसणं ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. दोन खोल्यांच्या घरात दूरदर्शन, पाहुणे, लहान भावंडं. अशा मुलांना मी पणजीच्या पाटो भागात घेऊन जाते. तिथल्या संस्कृती भवनात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ सालची, पोर्तुगीज अमदानीतली, आणि देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. त्याला नाव मात्र सोळाव्या शतकातल्या केळशीच्या कृष्णदास शामांचं आहे, ज्यांनी कृष्णचरित्र आपल्या भाषेत लिहिलं. कदंबा या राज्य परिवहन बसच्या स्थानकावरून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वाळपईची बस असो की पेडण्याची, थांबते तिथंच. पहिल्यांदा नेलेली मुलं दारात बिचकतात. एवढी मोठी इमारत, काचा, वातानुकूलन, आपल्याला आत सोडतील का, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतो. सोडतात. ते त्यांचंच आहे, आणि हे त्यांना कळावं म्हणून मी त्यांना एकदा तरी सोबत नेते. आत प्रौढ माणसं कागदांत डोकं घालून बसलेली दिसतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं दिवसभर जागा सोडत नाहीत. अभ्यास करणारी माणसं बघत बसल्यानंही मुलांवर परिणाम होतो. दक्षिणेकडच्यांसाठी नावेलीला डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश जिल्हा ग्रंथालय आहे, आणि तालुक्यांच्या ठिकाणी सरकारी वाचनालयं आहेत. तालुका वाचनालयात वर्तमानपत्रं वाचणारे ज्येष्ठ असतात, मुलं कमी असतात. ती जागा मुलांनी घ्यावी. ग्रंथपालाला हवं असलेलं पुस्तक लिहून दिलं तर पुढच्या खरेदीत ते येऊ शकतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

साधनांचा विचार करताना मला नेहमी सांखवाळचे धर्मानंद कोसंबी आठवतात. १८७६ सालचा त्यांचा जन्म. औपचारिक शिक्षण जेमतेम, घरी नारळाची बागायत. एका मराठी मुलांच्या मासिकात बुद्धावरचा लेख वाचला आणि शिकण्याची ओढ अनावर झाली. १८९९ मध्ये ते घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत शिकून घेतलं. पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपापर्यंत गेले. पुढे हार्वर्डला बोलावणं आलं. त्यांना गुरू आणि ग्रंथ शोधायला समुद्र ओलांडावा लागला. त्यांच्या चरित्रातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मासिकातल्या त्या एका लेखाचं स्थान. त्या तरुणाच्या हातात तो अंक पडला म्हणून पुढचं सगळं झालं. म्हणून शाळेच्या कपाटाला कुलूप असलेलं मला सहन होत नाही.

निकालानंतरचे दिवस अभ्यासाचे नसतात, कागदपत्रांचे असतात, आणि चांगली मुलं तिथं मागे पडतात. सरकारी कचेऱ्यांतून रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला. हे मे महिन्यातच काढून ठेवावेत, कारण जूनमध्ये सगळ्यांनाच ते एकदम हवे असतात. आमच्याकडे आणखी एक गुंता असतो: आजोबांच्या जुन्या दस्तऐवजात आडनाव पोर्तुगीज वळणानं लिहिलेलं, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात वेगळं, आधारवर तिसरंच. तो सोडवायला आठवडे लागतात. अकरावीतच सगळे कागद एका टेबलावर मांडून नावं जुळवून बघावीत. पैशांची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. सावकाराकडे किंवा सोनं गहाण ठेवायला जाण्याआधी तिथं चौकशी करावी. कदंबाचा विद्यार्थी पास पहिल्या आठवड्यातच काढावा. आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम) विषय निवडायचे असतात तेव्हा मैत्रीण काय घेते हे बघून निवडू नये. त्या कॉलेजात आधीच शिकत असलेल्या गावातल्या ताईला किंवा दादाला तास कसे असतात, प्रयोगशाळा कशी आहे, हे विचारून यावं.

गावातली ती ताई, तो दादा हा माझ्या मते सर्वांत कमी वापरलेला आधार आहे. जे मला आता आठवत नाही ते नुकतीच त्या वाटेनं गेलेली मुलं सांगू शकतात: कुठल्या धड्यात अडकायला झालं, प्रवेशाच्या खिडकीवर काय विचारलं, पहिल्या सत्रात इंग्रजी व्याख्यान ऐकून रडू कसं आलं आणि ते केव्हा थांबलं. म्हणून ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची पुस्तकं, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, प्रयोगवह्या पडून आहेत त्यांनी यंदा त्या रद्दीत घालू नयेत. तालुका वाचनालयात किंवा जवळच्या शाळेत नेऊन द्याव्यात. देताना पहिल्या पानावर पेन्सिलीनं आपलं गाव लिहावं आणि त्याखाली, कुठला धडा कठीण गेला आणि तो शेवटी कसा कळला, हे दोन ओळींत लिहावं. मराठीत लिहिलं तरी चालेल.